हाफटाइमला तुमची जागा गेली तर?

समजा, तुम्ही तुमच्या कॉलेजच्या टीमचे हुकमी खेळाडू आहात. गेल्या दोन वर्षांत सुरुवातीपासून मैदानात उतरलात अशा 27 सामन्यांपैकी 25 तुम्ही जिंकून दिलेत. आज फायनल आहे. स्टेडियममध्ये 77 हजारांवर माणसं, टीव्हीसमोर अख्खा देश, पाहुण्यांच्या गॅलरीत खुद्द राष्ट्राध्यक्ष. निम्मा सामना झालाय आणि स्कोअर आहे 13-0. त्यातला शून्य तुमचा. ड्रेसिंग रूममध्ये कोच निर्णय सांगतात : सेकंड हाफला तू बाहेर. तो फर्स्ट इयरचा नवा मुलगा खेळेल.

आता सांगा, तुम्ही काय कराल? हेल्मेट आपटाल? कोपऱ्यात जाऊन बसाल? इन्स्टावर गूढ स्टोरी टाकाल? (ही आपली राष्ट्रीय सवय आहे, नाकारू नका.)

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी याची छोटी आवृत्ती पाहिलीये. एकांकिकेच्या तालमी महिनाभर केल्यावर प्राथमिक फेरीच्या आठवडाभर आधी मुख्य भूमिका दुसऱ्याकडे जाते. युथ फेस्टिव्हलच्या ग्रुप डान्समध्ये पुढच्या रांगेतली मुलगी अचानक मागच्या रांगेत दिसते. दिग्दर्शक म्हणतो, ‘पर्सनल घेऊ नकोस.’ मग कसं घ्यायचं असतं, ते मात्र कुणी सांगत नाही.

वर सांगितलेला प्रसंग खराच घडलाय. तारीख 8 जानेवारी 2018, आपल्याकडे तेव्हा मंगळवारची सकाळ. ठिकाण अमेरिकेतल्या अटलांटा शहरातलं मर्सिडीज-बेंझ स्टेडियम. कॉलेज अमेरिकन फुटबॉलची राष्ट्रीय फायनल, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. बाहेर बसवला गेलेला मुलगा जेलन हर्ट्स, वय 19, सेकंड इयर. आत गेलेला मुलगा टुआ टंगोवायलोआ, वय 19, फर्स्ट इयर. गंमत म्हणजे हा ‘ज्युनियर’ त्या सीनियरपेक्षा पाच महिन्यांनी मोठा.

या सामन्याचे व्हिडिओ लोक आजही बघतात ते टुआच्या शेवटच्या पाससाठी. तो पास आहेच तसा. पण मला या सामन्यात जास्त रस आहे तो साइडलाइनवर उभ्या असलेल्या मुलात. त्याच्याकडे यायच्या आधी, ज्यांना हा खेळ म्हणजे ‘हेल्मेट घातलेली धक्काबुक्की’ वाटतो, त्यांच्यासाठी दोन मिनिटं.

चार संधी, दहा यार्ड

अमेरिकन फुटबॉलचं गणित तसं सोपं आहे. तुमच्याकडे चेंडू आहे. चार प्रयत्नांत तुम्हाला निदान दहा यार्ड पुढे सरकायचंय. सरकलात, तर पुन्हा नवे चार प्रयत्न. नाही सरकलात, तर चेंडू समोरच्यांचा. असं करत मैदानाच्या टोकापर्यंत पोचलात की टचडाउन, सहा गुण, आणि वर एक बोनस गुण किकने कमवायचा. टोकापर्यंत जाता येत नाहीये असं वाटलं, तर लांबूनच दोन खांबांमधून चेंडू लाथाडायचा. तो फील्ड गोल, तीन गुण. प्रत्येक प्रयत्नाला चेंडू पहिल्यांदा येतो तो क्वार्टरबॅककडे. पळायचं, फेकायचं की दुसऱ्याच्या हातात द्यायचं, हे त्याला काही सेकंदांत ठरवायचं असतं, आणि ते ठरवत असताना सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावून येत असतात. म्हणून टीममध्ये पन्नास-साठ खेळाडू असले तरी लोकांना नाव माहीत असतं ते क्वार्टरबॅकचं. आणि मैदानात क्वार्टरबॅकची जागा एकच असते. क्रिकेटमध्ये फॉर्म गेलेला बॅट्समन सहाव्या नंबरवर खेळू शकतो. इथे ती सोय नाही.

‘कॉलेज’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर जिमखान्याची मॅच येत असेल, तर ते चित्र आधी पुसा. अलाबामा विद्यापीठ ज्या टस्कलूसा गावात आहे, त्या गावाची वस्ती साधारण एक लाख आणि विद्यापीठाच्या स्टेडियमची क्षमताही साधारण एक लाख. आपल्या वानखेडेत 33 हजारांच्या आसपास माणसं मावतात. म्हणजे तीन वानखेडे एका कॉलेजच्या आवारात. अलाबामाचे कोच निक सेबन यांना त्या काळात वर्षाला एक कोटी डॉलरहून जास्त मिळत. खेळणाऱ्या मुलांना काय मिळायचं? स्कॉलरशिप, राहणं, जेवण आणि शिक्षणाचा ठरलेला खर्च. स्वतःच्या नावावर जाहिरात करून चार पैसे कमवायलाही तेव्हा बंदी होती. ती 1 जुलै 2021 ला उठली. विद्यापीठांनी खेळाडूंना थेट पैसे द्यायचा रस्ता तर 2025 मध्ये, कोर्टात झालेल्या तडजोडीनंतर मोकळा झाला. 2018 च्या त्या रात्री मात्र मैदानात घाम गाळणारे सगळे, तांत्रिक भाषेत, हौशी विद्यार्थी होते. हे लक्षात ठेवा. कारण ‘हा त्याचा जॉब आहे, जमत नसेल तर बाजूला हो’ असं म्हणणं सोपं असतं. पण जॉबचा पगार मिळतो.

पहिला हाफ

जॉर्जियासाठी ही रात्र घरच्या लग्नासारखी होती. सामना त्यांच्याच राज्याच्या राजधानीत. शेवटचं राष्ट्रीय विजेतेपद 1980 मधलं, म्हणजे मैदानावरच्या एकाही मुलाचा तेव्हा जन्म झाला नव्हता. कोच कर्बी स्मार्ट हे तर सेबन यांच्याच हाताखाली अलाबामात डिफेन्स सांभाळून आलेले. गुरूचं घर आतून माहीत असलेला शिष्य. सेमीफायनलमध्ये त्यांनी ओक्लाहोमाला दोन ओव्हरटाइम खेळून 54-48 असं हरवलं होतं.

अलाबामा मागच्या दाराने आली, असं तेव्हा अनेकांचं म्हणणं. आपल्याच राज्यातल्या ऑबर्नकडून ते हरले होते, आपल्या विभागाची फायनलही खेळले नव्हते. तरी निवड समितीने त्यांना चौथ्या क्रमांकाने घेतलं. मग त्यांनी क्लेमसनला 24-6 असं गप्प केलं आणि आरडाओरडा जरा कमी झाला.

पहिल्या हाफमध्ये हर्ट्सला काही म्हणजे काही जमलं नाही. आठ पास फेकले, तीन पोचले, त्यातून मिळाले 21 यार्ड. तो मुळात पळणारा क्वार्टरबॅक, ताकदीचा, डोकं शांत ठेवणारा. जॉर्जियाने नेमकं त्याचं पळणं बंद केलं आणि ‘आता फेकून दाखव’ म्हटलं. हाफ संपायला सात सेकंद असताना जॉर्जियाच्या मिकोल हार्डमनने टचडाउन केला. 13-0.

हर्ट्स कोणी ऐरागैरा नव्हता, हे पुन्हा सांगते. फर्स्ट इयरला असताना तो त्या अख्ख्या विभागातला सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला होता. त्याच वर्षीच्या फायनलमध्ये, जानेवारी 2017 मध्ये, शेवटची दोन मिनिटं उरली असताना 30 यार्ड पळून त्याने अलाबामाला आघाडी मिळवून दिली होती. क्लेमसनने शेवटच्या सेकंदाला टचडाउन करून ती फायनल हिसकावली. म्हणजे एक कप त्याच्या हातातून एका सेकंदाने गेला होता. हा दुसरा त्याच्या हातातून हाफटाइमला गेला. निदान त्या क्षणी तरी त्याला तसंच वाटलं असणार.

सेकंड अँड 26

टुआ हवाईचा. सामोअन कुटुंबातला. एरवी उजवा, पण वडिलांनी लहानपणी डाव्या हाताने फेकायला लावलं म्हणून डावखुरा क्वार्टरबॅक. त्या सीझनमध्ये तो खेळला होता ते निकाल आधीच लागलेल्या सामन्यांत. आपल्याकडे नाही का, 150 रन्सनी जिंकत असताना एरवी बॉलिंग न मिळणाऱ्या खेळाडूला एक ओव्हर देतात, तसं. पुढे त्याने स्वतःच सांगितलं, की या शेवटच्या सामन्यात संधी मिळाली नसती तर तो कॉलेज सोडणार होता. म्हणजे त्या रात्री अलाबामाच्या बेंचवरून जे दुःख उठलं, ते दुसऱ्या मुलाच्या अंगावर गेलं. इतकंच.

त्याची सुरुवात काही सिनेमासारखी झाली नाही. पहिल्या खेपेला तीन प्रयत्न, यश शून्य, चेंडू परत. दुसऱ्या खेपेला त्याने सूर पकडला आणि हेन्री रग्जला सहा यार्डांचा टचडाउन पास दिला. 13-7. लगेच जॉर्जियाचा क्वार्टरबॅक जेक फ्रॉम याने हार्डमनला 80 यार्डांचा टचडाउन दिला. 20-7. पाठोपाठ टुआने गर्दीत एक पास फेकला आणि जॉर्जियाच्या डिअँड्रे बेकरने तो पळवला. कोचच्या चेहऱ्याकडे बघू नये असा क्षण. पण पुढच्याच प्रयत्नात फ्रॉमचा पास कुणाला तरी लागून उडाला आणि अलाबामाच्या रेक्वॉन डेव्हिसच्या हातात येऊन पडला. डेव्हिस हा क्षेत्रफळाने मोठा माणूस. असल्या झेलांसाठी तो प्रसिद्ध नाही. त्या एका झेलाने टुआची चूक पुसली गेली. असा झेल हर्ट्सच्या वाट्याला पहिल्या हाफमध्ये आला नव्हता. खेळात कर्तृत्वाबरोबर हेही असतं, आणि नंतरच्या गोष्टींमधून हे हळूच गाळलं जातं.

मग दोन फील्ड गोल, 20-13. आणि सामन्याची शेवटची चार मिनिटं उरली असताना चौथा प्रयत्न, चार यार्ड हवेत, नाहीतर खेळ खल्लास. टुआने केल्विन रिडलीला टचडाउन दिला. 20-20. सामना तिथेच संपायचा होता, कारण शेवटच्या क्षणी अलाबामाच्या अँडी पापानास्टोसकडे 36 यार्डांची किक होती. गेली बाहेर. या मुलाचं नाव आज कुणाला आठवत नाही, आणि त्याच्यासाठी ते बरंच आहे. टीम हरली असती तर जन्मभर आठवलं असतं.

ओव्हरटाइम. कॉलेजच्या नियमात दोन्ही टीम्सना आळीपाळीने 25 यार्डांवरून एकेक संधी मिळते. जॉर्जिया मागे ढकलली गेली, पण रॉड्रिगो ब्लँकेनशिपने 51 यार्डांवरून किक मारली. चेंडू खांबाला लागला आणि आत गेला. 23-20. अलाबामाचा पहिला प्रयत्न : टुआ चेंडू धरून मागे मागे पळत राहिला आणि दोन डिफेंडर्सनी त्याला 16 यार्ड मागे आडवं केलं. इतकं मागे, की तिथून किक मारणंही अवघड. अनुभवी खेळाडू चेंडू बाहेर फेकून मोकळा झाला असता. हा फर्स्ट इयरचा. आता दुसरा प्रयत्न, आणि दहा ऐवजी 26 यार्ड हवेत. ‘सेकंड अँड 26’ हे शब्द अलाबामात आज टी-शर्टवर छापतात ते यावरून.

टुआने चेंडू घेतला, आधी नजर दुसरीकडे ठेवून मागच्या डिफेंडरला तिकडेच गुंतवलं, आणि मग डावीकडे फिरून साइडलाइनला धरून सुसाट सुटलेल्या डिवॉन्टा स्मिथकडे चेंडू सोडला. 41 यार्ड. टचडाउन. 26-23. बोनस किकची गरजच नाही. स्मिथसुद्धा फर्स्ट इयरचाच. टुआ, रग्ज, स्मिथ, धावणारा नाजी हॅरिस, जखमी सीनियरच्या जागी उतरलेला डावा टॅकल अ‍ॅलेक्स लेदरवुड... एका बॅचने आपल्या पहिल्याच वर्षी कप आणून दिला.

सेबन यांचं हे सहावं राष्ट्रीय विजेतेपद. कोचचा निर्णय बरोबर ठरला. ठरला म्हणजे काय, त्यावर आता मॅनेजमेंटच्या वर्गात केस स्टडी होतात.

तो उभा होता

आता त्या दुसऱ्या मुलाकडे या.

सेकंड हाफमध्ये टीव्हीचा कॅमेरा अधूनमधून हर्ट्सवर जायचा. अशा वेळी कॅमेऱ्याला काय हवं असतं, हे मास कॉमला शिकणाऱ्या कुणालाही विचारा : पडलेला चेहरा. तो मिळाला नाही. टचडाउन झाला की हा टाळ्या वाजवत, हात उंचावत पुढे. टुआ बाहेर आला की त्याच्याशी बोलायला पुढे. सामना संपल्यावर त्याने टुआचं मोकळेपणाने कौतुक केलं. दुसऱ्या दिवसापासून अमेरिकेत ‘आदर्श टीममेट’ म्हणून त्याची गोष्ट सुरू झाली, आणि कुठल्याही आदर्शाचं होतं तसं झालं. त्याचा पुतळा झाला. पुतळ्याला कुणी विचारत नाही, ‘तुला काय वाटलं?’

हे माझं वाक्य नाही, त्याची तक्रारच होती. ऑगस्ट 2018 मध्ये नव्या सीझनआधी तो पत्रकारांशी बोलला. सूर शांत, पण मुद्दा सरळ : एवढं सगळं झालं, त्यानंतरच्या महिन्यांत मला कसं वाटतंय हे कोचेसपैकीही कुणी येऊन विचारलं नाही. सगळे जण माझ्याबद्दल बोलताहेत, माझ्याशी कुणीच नाही. काही लोकांना ते खटकलं. टीमच्या शिस्तीत बसत नाही म्हणे. मला तर हा त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत धाडसी क्षण वाटतो. साइडलाइनवर टाळ्या वाजवणं आणि ‘मला लागलंय’ असं मोठ्याने सांगणं, या दोन्ही गोष्टी एकच माणूस करू शकतो. आपल्याकडे मात्र जागा गेलेल्याला दोनच पर्याय देतात : एकतर हसत सोस, नाहीतर रडका म्हणवून घे.

नियमांची एक खिडकीही त्याच्यासाठी उघडी होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. कॉलेज खेळाडूला एकूण चार सीझन खेळता येत. 2018 पासून नवा नियम आला, की एखाद्या सीझनमध्ये चार किंवा कमी सामने खेळलात तर तो सीझन मोजला जाणार नाही. म्हणजे हर्ट्स चार सामन्यांनंतर ‘मी थांबतो’ म्हणाला असता, तर पुढे दुसऱ्या कॉलेजात त्याला दोन पूर्ण सीझन मिळाले असते. त्याच वर्षी इतर काही टीम्समधल्या खेळाडूंनी अगदी हेच केलं. त्यात गैर काही नाही. स्वतःचं करिअर वाचवणं हा गुन्हा नव्हे. हर्ट्स पाचव्या सामन्यातही खेळला. वर्ष ‘वाया’ गेलं.

मग आला 1 डिसेंबर 2018. विभागाची फायनल. तेच अटलांटा, तेच स्टेडियम, समोर तीच जॉर्जिया. चौथ्या क्वार्टरमध्ये अलाबामा 28-21 अशी मागे आणि टुआचा घोटा दुखावला. हर्ट्स आत गेला. आधी त्याने टचडाउन पास देऊन बरोबरी केली, मग शेवटचं एक मिनिट आणि चार सेकंद उरली असताना 15 यार्ड स्वतः पळून जाऊन सामना जिंकून दिला. 35-28. कॅमेऱ्यासमोर बोलताना सेबन यांच्यासारख्या कडक माणसाचा आवाज कातर झाला. जॉर्जियाच्या चाहत्यांचं काय झालं असेल विचार करा : जानेवारीत बेंचवरून उठलेल्या टुआने हरवलं, डिसेंबरमध्ये बेंचवरून उठलेल्या हर्ट्सने.

तुम्ही म्हणाल, झालं, हॅपी एंडिंग. नाही ना. पुढच्या सामन्याला टुआचा घोटा बरा झाला आणि हर्ट्स पुन्हा साइडलाइनवर. एका सामन्याने जागा परत मिळत नाही.

डिग्री नावाची चावी

या गोष्टीतला माझा आवडता तपशील फुटबॉलचा नाहीच. तेव्हाच्या नियमाप्रमाणे कॉलेज बदललं की खेळाडूला साधारणपणे एक वर्ष घरी बसावं लागायचं. अपवाद एक : पदवी पूर्ण झालेली असेल, तर लगेच खेळता येई. हर्ट्सने जानेवारी 2016 मध्ये प्रवेश घेतला होता. डिसेंबर 2018 मध्ये, म्हणजे तीन वर्षांच्या आत, त्याने पदवी हातात घेतली. विषय पब्लिक रिलेशन्स! (आमच्या डिपार्टमेंटच्या नोटिस बोर्डावर याचा फोटो लावावा, असा माझा प्रस्ताव आहे.) रोज सराव, जिम, प्रवास, वर देशभरच्या चर्चेचा विषय होणं, आणि त्यात हा गडी असाइनमेंट वेळेवर देत होता. कोचने मैदानाचं दार बंद केलं तेव्हा बाहेर पडायची चावी त्याच्या खिशात होती ती क्लासरूममधून आलेली. तो ओक्लाहोमाला गेला, एक सीझन खेळला, आणि देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूसाठीच्या हाइजमन ट्रॉफीच्या मतदानात दुसरा आला. आदल्या वर्षी दुसरा आला होता टुआ.

2020 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये टुआ पाचवा निवडला गेला, हर्ट्स 53 वा. फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतलं ते राखीव म्हणून. त्यांचा मुख्य क्वार्टरबॅक होता कार्सन वेंट्झ. आणि डिसेंबर 2020 मध्ये ग्रीन बे इथल्या एका सामन्यात वेंट्झचं काही जमेना. कोचने भर सामन्यात त्याला बाहेर काढलं आणि आत पाठवलं हर्ट्सला. या वेळी खुर्ची दुसऱ्याची गेली. वेंट्झकडे बघताना हर्ट्सच्या मनात काय आलं असेल, याचा अंदाज करायला फुटबॉल कळायची गरज नाही.

तसं पाहिलं तर जानेवारी 2018 च्या त्या रात्री समोरच्या बेंचवरही हेच चाललं होतं. जॉर्जियाचा मूळ क्वार्टरबॅक जेकब ईसन. सीझनच्या पहिल्याच सामन्यात त्याचा गुडघा दुखावला, त्याच्या जागी फर्स्ट इयरचा जेक फ्रॉम आला आणि त्याने परत जागा सोडलीच नाही. ईसन पुढे वॉशिंग्टनला गेला. जॉर्जियाच्याच संघात स्टेट्सन बेनेट नावाचा एक मुलगा होता, स्कॉलरशिपही नसलेला. त्याचं काम काय, तर सरावात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकची नक्कल करणं. तो कॉलेज सोडून मिसिसिपीतल्या एका छोट्या कॉलेजात गेला, 2019 मध्ये परत आला, आणि 10 जानेवारी 2022 ला त्याच बेनेटने अलाबामाला 33-18 असं हरवून जॉर्जियाचा 1980 पासूनचा दुष्काळ संपवला. सगळ्या फिल्डिंगमध्ये तेव्हा त्याच्याकडे कॅमेरा एकदाही वळला नसेल.

टुआची वाटही सरळ गेली नाही. नोव्हेंबर 2019 मध्ये कॉलेजात असतानाच त्याचं कंबरेचं हाड सांध्यातून निखळलं. नंतर मायामी डॉल्फिन्सकडून खेळताना डोक्याला पुन्हा पुन्हा मार बसला, इतका की त्याने खेळणं थांबवावं का, यावर देशभर चर्चा झाली. ‘जागा मिळाली’ म्हणजे सगळं मिळालं, असं समजणाऱ्यांनी हा भागही वाचावा.

आणि हर्ट्स? फेब्रुवारी 2023 मध्ये सुपर बोल खेळला, उत्तम खेळला, 38-35 असा हरला. त्या पराभवानंतर मैदानातून बाहेर जाताना काढलेला आपला फोटो त्याने फोनच्या लॉक स्क्रीनवर ठेवला होता, हे बाहेर आलं तेव्हा काहींना ते जरा अतीच वाटलं. मलाही वाटलं. मी असते तर तो फोटो डिलीट केला असता. त्याच वर्षी त्याने ओक्लाहोमातून मास्टर्स पूर्ण केलं, हे कळल्यावर मात्र मी त्याच्याशी स्पर्धा करणं सोडून दिलं. 9 फेब्रुवारी 2025 ला न्यू ऑर्लिन्समध्ये ईगल्सने त्याच कॅन्सस सिटीला 40-22 असं धुतलं. सामनावीर हर्ट्स. त्यातला त्याचा एक टचडाउन पास होता 46 यार्डांचा, आणि तो झेलणारा होता डिवॉन्टा स्मिथ. हो, तोच. 2018 च्या त्या रात्री टुआचा पास झेलणारा.

वेळ मिळाला तर त्या फायनलचे हायलाइट्स यूट्यूबवर बघा. शेवटचा पास तर तुम्ही बघालच, सगळेच बघतात. दुसऱ्यांदा बघताना साइडलाइनवर लक्ष ठेवा. टुआची जर्सी 13 नंबरची. तुम्ही शोधायचाय तो 2 नंबर.